गेटवर अडकलेला ललत

दिलसुखनगरच्या बँकेत चौथ्या खिडकीवर बसणारी गीता सोनकांबळे ही शास्त्रीय गायिका आहे, हे काचेच्या आतल्या लोकांना माहीत होतं आणि बाहेरच्यांना नव्हतं. आतल्यांनाही माहीत होतं म्हणजे काय, तर कुणी निवृत्त झालं की केक कापल्यावर मॅनेजर तिच्याकडे वळून म्हणायचे, "मॅडम, ओक पाटा पाडंडी." मग गीता एखादं जुनं सिनेमाचं गाणं म्हणायची. सगळे मोबाईल वर धरून ते टिपायचे आणि नंतर समोशांवर तुटून पडायचे. एकदा तिने हौसेने यमनची छोटी चीज घेतली होती. तेव्हा कॅशियर काळजीने म्हणाला होता, "मॅडम, गळा बसला का? शब्द पुढं जात नव्हते."

हैदराबादेत ख्याल गाऊन टिकायचं म्हणजे प्रत्येकाला थोडं थोडं पुरावं लागतं. तेलुगू मंडळींच्या सभेत तिला मान मोठा. तिथे लोक मांडीवर ताल धरून बसतात, दहा मिनिटांत त्यांचा हिशेब आणि विलंबित एकताल यांची फारकत होते, मग ते मांडी सोडून देतात आणि शेवटी शाल घालतात. जुन्या शहरातल्या जलशात लोक दाद भरभरून देतात, पण कुणीतरी हळूच चिठ्ठी पाठवतं, "आपा, कुछ हल्का-फुल्का हो जाए." मराठी मंडळाला अभंग लागतात, आणि अभंग झाल्यावर "थोडं शास्त्रीयही होऊ द्या, पण थोडंच." चौदा एप्रिलला वस्तीच्या मैदानावर बाबासाहेबांची गाणी असतात. तिथे मात्र गीताचा आवाज असा मोकळा सुटायचा की कर्ण्याची गरज नव्हती. त्या गाण्यांची पार्टी तिच्या वडिलांची, उत्तमरावांची. ती रंगात येऊन तान घ्यायला लागली की म्हातारा पेटीवरून डोळे वटारायचा. "बाळा, ताना घरी. इथं लोकांना शब्द ऐकू दे," असं त्यांचं कायमचं म्हणणं.

तर असं सगळ्यांना पुरून उरण्यात पंचवीसेक वर्षं गेली होती. शिकवण्या होत्या, रेडिओ होता, वर्षाकाठी आठ-दहा कार्यक्रम होते. नवरा संघपाल वीज मंडळात होता. रजा टाकून गाडी चालवायचा आणि तानपुरा तान्ह्या मुलासारखा सांभाळून न्यायचा. तक्रार करावी असं फारसं काही नव्हतं. एक गोष्ट सोडून. तिचे सगळे कार्यक्रम संध्याकाळचे असायचे.

आपल्या रागांना वेळा असतात आणि त्या वेळा पाळायच्या असतात, हे गाणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. ऐकणारे मात्र ऑफिस सुटल्यावरच मोकळे होतात. त्यामुळे यमन, पूरिया, बिहाग या संध्याकाळ-रात्रीच्या रागांवर गीताचा संसार चालला होता आणि भैरव, तोडी हे सकाळचे राग लग्न न ठरलेल्या मुलींसारखे घरीच बसले होते. त्यातही सगळ्यात अडचणीचा ललत. रात्र सरलेली, उजाडायचं अजून बाकी, तेवढ्या फटीत गायचा हा राग. त्याला तानपुराही वेगळा लावावा लागतो, पंचमाची तार मध्यमावर आणून. गीताला तो येत होता, अगदी मुरलेला येत होता. आणि आजवर तो एकाही माणसापुढे गायला मिळाला नव्हता.

हा ललत तिला दिला इंदुताईंनी. अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांच्या कपाटांची किल्ली उत्तमरावांकडे असायची आणि त्या कपाटांशी नेमाने काम पडणाऱ्या वाचक म्हणजे जामबागच्या इंदुताई. एकदा पुस्तक काढून देता देता उत्तमराव म्हणाले, "बाई, आमची पोरगी गाती. जरा ऐकून घेता का?" इंदुताईंच्या घरात त्या वेळी सासूबाई होत्या, आणि शिपायाची पोर माजघरात बसून गाणं शिकणार म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे खरं आहे. इंदुताईंनी आठ्या पाहिल्या, पोरीचा आवाज ऐकला आणि सासूबाईंना सांगितलं, "पहाटे येईल. तुम्ही उठायच्या आत जाईल." तेव्हापासून अकरा वर्षांची गीता वडिलांच्या सायकलवर मागे बसून अंधारात जामबागला यायला लागली.

पहाटेचं इंदुताईंना नवीन नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाच सासरच्यांनी सांगून टाकलं होतं की सुनेने गायला आमची हरकत नाही, फक्त ते ऐकू येता कामा नये. ती अट पाळता येण्यासारखी वेळ एकच होती. घर उठायच्या आधी मागच्या खोलीत बसायचं, दार लावायचं, आवाज दाबून ललत गायचा आणि दूधवाल्याची हाक आली की तंबोरा भिंतीला लावून चूल पेटवायची. अशी त्यांची उभी हयात गेली. ललत त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता, आणि त्यांचा ललत कुणालाच ठाऊक नव्हता. पुढे माणसं गेली, घर रिकामं झालं, मोठ्याने गायला कुणाची ना राहिली नाही, तेव्हा गळा राहिला नाही.

वेळेच्या बाबतीत बाई भारी कडक. गीताने एकदा भर दुपारी गुणगुणताना भैरव घेतला, तर इंदुताईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पाणी पिऊन ये म्हणाल्या. शाबासकी त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. फार म्हणजे फार आवडलं तर "बरं" म्हणायच्या, आणि तो "बरं" ऐकायला गीता चाळीशीत येईपर्यंत थांबली होती.

गेल्या वर्षी इंदुताई आजारी पडल्या. पंच्याऐंशीच्या घरातलं आजारपण, सगळ्यांनी धसका घेतला. बऱ्या होऊन उशीला टेकून बसायला लागल्या तेव्हा गीता पेज घेऊन गेली होती. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "गीता, एकदा ललत माणसांपुढे गा. मला बघायचंय, समोर माणसं बसलीयत आणि ललत चाललाय." इतक्या वर्षांत बाईंनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. गीता "गाते ताई" म्हणून बसली आणि जिना उतरताना तिच्या ध्यानात आलं की पहाटे गाणं ऐकायला माणसं आणायची कुठून, हे आपल्याला मुळीच माहीत नाही.

तिने विचारून पाहिलं. मराठी मंडळाचे चिटणीस म्हणाले, "पाच म्हणजे संध्याकाळचेच ना?" सभेचे लोक म्हणाले, अम्मा, पहाटे आमच्याकडे देवाला उठवतात, माणसांना नाही. असे सहा महिने गेले. इंदुताई पुन्हा काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणंच गीताला जास्त टोचायचं.

अशात सुधीर साठ्यांचा फोन आला. हे मूळचे पुण्याचे, गच्चीबावलीत मोठ्या संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि राहायला अशा सोसायटीत की तिच्या इमारती मोजताना मान दुखावी. ते म्हणाले, "गीताताई, आम्ही यंदा सोसायटीत दिवाळी पहाट करतोय. अगदी आपल्या पुण्यासारखी. तुमचं गाणं हवं. पहाटेचं काहीतरी."

"पहाटेचं म्हणजे पहाटे?" गीताने खात्री करून घेतली.

"म्हणजे काय. पहाटे ठीक पाच."

मोबाईलवर निमंत्रण आलं त्यातही तसंच होतं, पणतीच्या चित्राखाली, पहाटे ठीक पाच वाजता. आता सोसायटीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं की या 'ठीक पाच'चा अर्थ सातनंतर केव्हाही असा आहे. पण गाणाऱ्या माणसाला वेळ लिहिली की ती खरी वाटते. गीताने त्या 'ठीक'वर विश्वास ठेवला, इंदुताईंनी तर ठेवलाच, आणि चूक झाली ती इथे.

दिवाळीच्या दिवशी काळोखात संघपालने गाडी काढली. वाटेत तबल्याचे एकनाथराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, पुढच्या सीटवर डग्गा मांडीवर घेऊन बसले. जामबागला इंदुताई दारातच उभ्या होत्या, ठेवणीतली इरकली साडी नेसून, हातात घड्याळ बांधून. पोटात त्यांच्या सेविकेने बळेच घातलेला अर्धा कप चहा. गाडीत बसल्यावर त्यांनी तानपुऱ्याच्या तारेवरून बोट फिरवलं, मध्यमावर आहे ना हे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. सगळा रस्ता त्या हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या. गीताने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला उगाच भीती वाटायला लागली.

भीती खरी ठरली ती सोसायटीच्या गेटवर. सुरक्षारक्षकाने टॉर्च मारला आणि ओटीपी मागितला. कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय, त्या फ्लॅटच्या मालकाने मोबाईलवर होकार द्यायचा, मग आकडे येणार, ते सांगायचे, मग दांडा वर होणार. मालक म्हणजे सुधीर साठे. त्यांना फोन लावला, लागला, वाजत राहिला.

"अरे भाई, फनकार लोगां हैं ये, चोरां नई," संघपालने समजावलं. "तंबोरा देख, तबला देख. चोरां तबला लेको आते क्या?"

"सर, ओटीपी के बिना नहीं होगा," रक्षक म्हणाला. त्याचंही खरं होतं. तबला घेऊन येणाऱ्यांसाठी त्याला वेगळा नियम कुणी दिला नव्हता.

गेटबाहेर बसची वाट बघायला केलेला एक सिमेंटचा बाक होता. त्यावर इंदुताई, गीता, तानपुरा असे ओळीने बसले. एकनाथरावांनी डग्ग्यावर डोकं टेकून झोप काढायला सुरुवात केली. फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. करायला काही नाही म्हणून गीताने तानपुरा जवळ घेतला आणि गळा तापवायला म्हणून हलकेच सूर लावला. दोन्ही मध्यम एकमेकांना लागून आले आणि तिला एकदम जामबागची मागची खोली आठवली.

तेवढ्यात एक मोठी टॅक्सी येऊन थांबली. तिच्यातून सात-आठ तरुण मुलंमुली उतरली, गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर पिशव्या, डोळ्यांखाली काळं. अमेरिकेच्या दिवसात काम करून हैदराबादच्या रात्रीतून घरी परतणारी ही मंडळी. भरजरी साडीतल्या दोन बायका बाकावर बसल्यायत आणि एक गातेय हे बघून ती जागीच थबकली. एक मुलगी पुढे आली. "आंटी, तुम्हाला कॅब मिळत नाहीये का?"

गीताने सगळं सांगितलं. मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली, "ओह गॉड, मी शर्वरी. सुधीर साठे माझे बाबा. ते ना, सातच्या आधी उठणारच नाहीत. पाच असंच लिहितात सगळे." तिने स्वतःच्या मोबाईलवरून आकडे काढून दिले, दांडा वर झाला. पण मग ती लगेच म्हणाली, "तुम्ही गात होता ते थांबवलं का? गा ना. आम्ही बसतो." बाकीच्यांपैकी दोघंतिघं खरंच फुटपाथवर टेकलीही होती.

गीताने इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताई म्हणाल्या, "इथे नको. गळा राखून ठेव. आत माणसं आल्यावर गा."

झालं. मुलं आळस देत आपापल्या लिफ्टकडे गेली आणि हे लोक क्लबहाउसमध्ये जाऊन बसले. माणसं काही आली नाहीत. क्लबहाउसच्या मोठ्या काचेतून आकाश हळूहळू पांढरं होताना मात्र स्पष्ट दिसत होतं. इंदुताईंनी घड्याळ पाहिलं, काच पाहिली आणि मान हलवली. ललत गेला. गीताने मध्यमाची तार चढवून पंचमावर नेली. आता भैरव.

साडेसातला सुधीर साठे रेशमी कुर्त्यात अवतरले, "अरे वा, तुम्ही वेळेवर," असं कौतुकाने म्हणाले आणि रांगोळ्यांच्या स्पर्धेकडे गेले. रांगोळ्यांचं परीक्षण होता होता भैरव गेला. ध्वनिक्षेपकवाला आला, त्याने "हॅलो, चेक, चेक" म्हणत तोडीची सुरुवातीची वेळ खाल्ली. मग प्रमुख पाहुण्यांची वाट पाहणं सुरू झालं. पाहुणे कुठल्याशा कंपनीचे उपाध्यक्ष होते आणि वाटेत होते. ते वाटेत असतानाच चिमुकल्यांची नृत्यं उरकून घेण्यात आली. मग पाहुणे आले, समई काही केल्या पेटेना, पंखा बंद करा म्हणून आरडाओरडा झाला, पंखा बंद केला तर दुसरा लागला. समई पेटली तेव्हा तोडीही आटोपली होती. गीता विंगेत बसून मनातल्या मनात एकेका रागाला निरोप देत होती. जौनपुरीवर ती जरा आशा धरून होती, पण ती पाहुण्यांच्या भाषणात गेली. एकनाथराव तेवढे निवांत होते. "मॅडम, तुमचं तुम्ही बघा. आमचा एकताल चोवीस तास चालतो," असं म्हणून त्यांनी तिसरा चहा मागवला.

गीताचं नाव पुकारलं तेव्हा लोकांच्या हातात उपम्याच्या प्लेटी आल्या होत्या. सुधीर साठे लगबगीने जवळ आले. "गीताताई, पंधरा मिनिटं आहेत. तो तुमचा पहाटेचा राग घ्या ना. पडदे ओढून घेतो, एसी लावतो. कुणाला काय कळतंय."

पहिल्या रांगेत इंदुताई ताठ बसल्या होत्या. चार वाजल्यापासून बसलेलं म्हातारं माणूस, पाठ टेकायला तयार नव्हतं. गीताला क्षणभर वाटलं, गावा. पडदे ओढलेले, समोर माणसं, समोर ताई. एवढंच तर मागितलं होतं त्यांनी. तिने तानपुऱ्याच्या खुंटीला हात घातला. इंदुताईंनी तो हात पाहिला, आपलं घड्याळ पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली.

गीताने वृंदावनी सारंग गायला. भर दुपारचा राग. लोकांनी चमचे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या आणि सुधीर साठ्यांनी भरल्या गळ्याने जाहीर केलं की ही होती आपली पहिलीवहिली दिवाळी पहाट. त्या वेळी बाहेर इतकं ऊन होतं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता.

परतताना मेहदीपटणम मागे पडल्यावर इंदुताई म्हणाल्या, "गीता, आता नको गं ही दगदग. घरी ऐकलाय मी तुझा ललत पुष्कळदा. पुरे झालं." त्यांना जामबागला सोडून गाडी वळली आणि गीता ओक्साबोक्शी रडली. संघपालने गाडी हळू केली, पण तिला गप्प करायला गेला नाही. एकनाथराव खिडकीबाहेर बघत बसले.

दिवाळी होऊन महिना उलटला असेल. एका दुपारी बँकेत जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"मॅम, मी शर्वरी. गेटवरची. एक विचारायचं होतं. ते तुम्ही बाकावर गात होता ना, ते अर्धवट राहिलं. पुढे काय होतं त्याचं?"

गीताच्या हातातला घास हातातच राहिला. पंचवीस वर्षांत तिला लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं. किती वेळ चालेल, मधे चहा ठेवू का, गजल येते का. पुढे काय होतं, असं कुणी विचारलं नव्हतं.

"ते असं फोनवर सांगता येत नाही गं," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे तुम्ही याल का? आमचं लॉगआउट साडेतीनला होतं. घरी आलं की झोपच येत नाही कुणाला, सगळे मोबाईल घेऊन पडतात. क्लबहाउस मी बुक करते. ओटीपी पण मीच देते, प्रॉमिस. फक्त मॅम, टायमिंग जरा ऑड आहे. साडेचार. पहाटेचे. तुम्हाला चालेल?"

गीताने डबा बंद केला. तिला एकदम हसायला आलं आणि मग स्वतःचा राग आला. माणसं आल्यावर गा, म्हणून ज्यांची वाट पाहिली ती माणसं तर फुटपाथवर येऊन बसली होती. त्यांना आपणच लिफ्टकडे पाठवलं आणि कुर्तेवाल्यांची वाट बघत बसलो.

इंदुताईंना राजी करणं मात्र सोपं गेलं नाही. "पहाटे कोण येणार गं?" त्या म्हणाल्या.

"रात्रपाळीवाली मुलं आहेत ताई. ती अमेरिकेच्या वेळेवर जगतात."

"मग त्यांची तेव्हा कुठली वेळ असते?"

"त्यांची... संध्याकाळच म्हणायची. कामावरून सुटलेली असतात."

"मग त्यांना यमन लागेल," इंदुताई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

यावर दारात चपला काढत उभा असलेला संघपाल म्हणाला, "ताई, ते कुणाच्या का टाइमवर जगेनात. सूर्य तर इथलाच धरायचा ना आपण?"

इंदुताईंनी कूस वळवली. "हौ," त्या म्हणाल्या. हैदराबादेत उभा जन्म गेला तरी मराठी बोलताना त्या हा इथला 'हो' कटाक्षाने टाळायच्या. "सूर्य इथलाच."

डिसेंबरातल्या एका पहाटे पुन्हा तीच गाडी, तीच माणसं, मध्यमावर लावलेला तोच तानपुरा. गेटवर शर्वरी स्वतः शाल गुंडाळून उभी होती. रक्षकाने दांडा वर केला आणि संघपालला सलाम ठोकला. थंडीत सूर्यही उशिरा उगवतो, ललताला तेवढीच जास्त सवड, हे इंदुताईंनी गाडीतच हिशेब करून सांगितलं होतं.

क्लबहाउसमध्ये सतरंजीवर पंधरा-वीस जणं होती. कुणी ऑफिसातून तसंच आलेलं, कुणी पायजम्यात. एक जण डब्यातून बिर्याणी खात होता, कारण त्याचं रात्रीचं जेवण व्हायचं होतं. तेलुगू बोलणारी होती, बंगाली होती, एकदोन मराठी होती. ललत म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. कोपऱ्यात खुद्द सुधीर साठेही होते, कानटोपी घालून, मुलीने ओढून आणलेले. माइक नव्हता, समई नव्हती, पाहुणे नव्हते.

इंदुताईंसाठी पुढे खुर्ची ठेवली होती. त्यांनी ती फिरवून घेतली. गाणाऱ्याकडे जवळजवळ पाठ आणि तोंड माणसांकडे. शर्वरी म्हणाली, "आजी, मॅम तिकडे बसल्यात." "माहितीये मला," इंदुताई म्हणाल्या. "ती कशी गाते ते मी चाळीस वर्षं बघतेय. मला हे बघायचेत."

गीताने डोळे मिटले आणि सूर लावला. सुरुवातीला आवाज जरा कापला. मग एकनाथरावांचा ठेका आला आणि ती सावरली. घाई कशाचीच नव्हती. बाहेर अंधार होता, तो तिच्या हक्काचा होता. दोन मध्यमांमधून ती जात राहिली, येत राहिली, आणि कुणी चिठ्ठी पाठवली नाही की घड्याळ दाखवलं नाही. एकदा तिने डोळे उघडले तर बिर्याणीवाल्याचा घास हातात तसाच होता. पुढे द्रुत चीज आली, तेव्हा तिचा आवाज चौदा एप्रिलच्या मैदानावर सुटतो तसा सुटला आणि तिने मनसोक्त ताना घेतल्या. इथे डोळे वटारायला उत्तमराव नव्हते.

मधे एक लांबडा तरुण भिंतीला टेकून चक्क झोपला. हळूहळू घोरायला लागला. शर्वरी शरमेने त्याला हलवायला निघाली, तर इंदुताईंनी तिचा हात धरला.

"झोपू दे गं त्याला," त्या हळूच म्हणाल्या. "मी ललत गायचे तेव्हा सगळं घर झोपलेलं असायचं. हा निदान समोर येऊन झोपलाय."

गाणं संपलं तेव्हा काच पांढरी होत होती. टाळ्या कधी वाजवायच्या हे त्या मुलांना कळेना, म्हणून ती नुसतीच बसून राहिली. तानपुरा चालू होता. इंदुताईंनी घड्याळ पाहिलं, मग काच पाहिली. गीता त्यांच्या पाठीकडे बघत होती. "बरं" येतो की नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

"वेळेत झालं," इंदुताई म्हणाल्या.  पदराने त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा पुसला.

मुलं उठली. कुणी सतरंजी गुंडाळली, कुणी झोपलेल्याला उठवलं. बिर्याणीवाल्याने डब्याचं झाकण लावलं आणि संघपालच्या आधी तानपुरा उचलायला धावला. एकेक जण जाता जाता इंदुताईंपाशी वाकत होता. काचेतून कोवळं ऊन आत येऊन त्यांच्या पायावर पडलं होतं, बाहेर पाखरांनी गलका केला होता, दूधवाल्याची गाडी गेटपाशी येऊन उभी होती. मुलं मात्र आता झोपायला निघाली होती, त्यामुळे ती त्यांच्या रीतीप्रमाणे म्हणत होती, "गुड नाइट आजी."

गीता जवळ उभी होती. भर दुपारी भैरव गुणगुणला म्हणून जिने कपाळाला हात लावून पाहिला होता, ती बाई आता या पोरांना काय सुनावते, म्हणून तिने आधीच जीभ चावली.

इंदुताईंनी उगवलेल्या उन्हाकडे एकदा पाहिलं. मग समोरच्या जांभई देणाऱ्या पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"गुड नाइट, बाळा," त्या म्हणाल्या.